ब्रनो परत येतंय: मुंबईकर मोटोजीपीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

18 ते 20 जुलै 2025 या तीन दिवसांत चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो सर्किटवर पुन्हा मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलची जागतिक अजिंक्यपद रेस, होतेय. शेवटची झाली होती 2020 मध्ये, तीही कोविडमुळे रिकाम्या स्टँडसमोर. रविवारची रेस आपण नेहमीप्रमाणे दादरला सोसायटीच्या हॉलमध्ये एकत्र बघणार आहोत. ग्रुपवर तेच ते प्रश्न रोज नव्याने येतायत आणि उत्तरं गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडली जातायत, म्हणून सगळं एकदाच इथे मांडलंय. मजकूर 13 जुलैच्या जर्मनीतल्या साक्सेनरिंग रेसनंतरचा आहे.

आपल्याकडे नेमकी किती वाजता?

रविवारी संध्याकाळी साडेपाचला दिवे विझतील, म्हणजे रेस सुटेल. तिकडे तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतील. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचा हिशेब सोपा. त्याआधी छोट्या गाड्यांचे गट: मोटो3 अडीचला, मोटो2 पावणेचारला. शनिवारी क्वालिफायिंग दुपारी 2.20 पासून आणि स्प्रिंट, म्हणजे छोटी रेस, साडेसहाला. शुक्रवारचं मुख्य प्रॅक्टिस सेशनही साडेसहाला. ते हलक्यात घेऊ नका, क्यू2 मध्ये, म्हणजे क्वालिफायिंगच्या दुसऱ्या टप्प्यात, थेट जाणारे पहिले दहा जण कोण ते त्यातच ठरतं. ऑफिसात असाल तर लोकलमध्ये फोनवर बघा. कुर्ला ते ठाणे नेट टिकेल याची हमी कोणी देत नाही.

मोटोजीपीची रेस 21 फेऱ्यांची, म्हणजे जवळपास एकशे साडेतेरा किलोमीटर. चाळीस-बेचाळीस मिनिटांत निकाल. फॉर्म्युला वनसारखी दोन तासांची बैठक नाही, त्यामुळे सव्वासहाला पोहोचून 'किती फेऱ्या राहिल्या' विचारणाऱ्याला पोडियमच बघायला मिळेल.

एवढं काय आहे त्या ब्रनोत? आमच्या पिढीने तर नावही ऐकलं नाही.

हा प्रश्न 2020 नंतर रेस बघायला लागलेल्यांचा आहे आणि रास्त आहे. त्यामुळे जरा सविस्तर.

सर्किट 5.403 किलोमीटरचं आहे. वळणं चौदा: आठ उजवी, सहा डावी. रस्ता पंधरा मीटर रुंद. हे आकडे वाचून काही डोळ्यांसमोर येत नाही. डोळ्यांसमोर यायला हवा तो उतार आणि चढ. सर्किटचा सर्वांत उंच आणि सर्वांत खालचा बिंदू यांत सुमारे 73 मीटरचा फरक आहे, म्हणजे प्रभादेवीतला चोवीस-पंचवीस मजली टॉवर उतरायचा आणि चढायचा, प्रत्येक फेरीला. सुरुवातीची सरळ वरच्या बाजूला आहे. तिथून ट्रॅक झाडीतून टप्प्याटप्प्याने खाली जातो आणि दहाव्या वळणानंतर चढाला लागतो. त्या चढाला रायडर लोक 'हॉर्सपॉवर हिल' म्हणतात. इंजिनात दम नसेल तर तो इथे उघडा पडतो. बाकी कुठे कितीही लपवा, या चढावर शेजारची गाडी तुमच्या बाजूने सरळ निघून जाते आणि तुम्हाला बघत बसावं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वळणांची जात. ब्रनोमध्ये एकटंदुकटं वळण फारसं नाही, जोड्या आहेत: डावं-उजवं, उजवं-डावं. गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर टाकायची, तीही उतारावर, पुढच्या चाकावर सगळा भार असताना. पहिल्या वळणात थोडं जास्त वेगात शिरलात तर दुसऱ्याची लाईन हातची जाते. म्हणून इथे एक ओव्हरटेक दोन वळणांत पूर्ण होतो. पहिल्यात आत घुसायचं आणि दुसऱ्यात ती जागा टिकवायची. टीव्हीवर बघताना पहिल्याच वळणावर ओरडू नका, पुढच्या वळणापर्यंत थांबा. रस्ता रुंद असल्याने मागच्यालाही वेगळी लाईन पकडून परतफेड करता येते.

हिरव्या डोंगरउतारावर बसलेल्या प्रेक्षकाला ट्रॅकचा बराच भाग एकाच जागेवरून दिसतो, हीही ब्रनोची ख्याती. आपल्या हॉलमध्ये मात्र मागच्या रांगेतल्याला पुढच्याचं डोकं दिसतं; उंच मंडळींनी कृपया कडेला बसावं.

इथे पूर्वी काय काय घडलंय? थोडक्यात सांगा.

थोडक्यात सांगण्यासारखं नाही, तरी निवडक सांगतो.

18 ऑगस्ट 1996: सतरा वर्षांच्या वॅलेंटिनो रॉसीने 125 सीसी या छोट्या गटात आयुष्यातली पहिली ग्रांप्री जिंकली, ती इथे. ज्यांच्या भिंतीवर अजून त्याचं 46 नंबरचं पोस्टर आहे त्यांना एवढं एक कारण पुरे.

2014: मार्क मार्केझने हंगामातल्या पहिल्या दहाच्या दहा रेस जिंकल्या होत्या. अकरावी ब्रनोला. तिथे डॅनी पेड्रोसा जिंकला आणि ती मालिका तुटली.

2016: ओल्या ट्रॅकवर बहुतेकांनी मऊ टायर घेतले, कॅल क्रचलोने कडक. सुरुवातीला तो मागे पडला, मग ट्रॅक सुकायला लागला तसे बाकीच्यांचे टायर संपत गेले आणि हा एकेकाला गाठत पुढे आला. 1981 मध्ये बॅरी शीन जिंकल्यानंतर मोठ्या गटात, म्हणजे आजच्या मोटोजीपीत, ब्रिटिश रायडर जिंकायला पस्तीस वर्षं लागली. माझ्या मते ब्रनोची अलीकडची सर्वांत चांगली रेस हीच. रविवारपर्यंत वेळ असेल तर जुनं फुटेज शोधून बघा.

2020: दक्षिण आफ्रिकेचा ब्रॅड बाइंडर. मोटोजीपीतली त्याची अवघी तिसरी रेस, आणि केटीएमचा या गटातला पहिला विजय.

मग एवढं चांगलं सर्किट बंद का पडलं?

डांबरामुळे. अगदी खरं. ट्रॅकचा थर जुना झाला होता, उंचसखल झाला होता, पकड राहिली नव्हती. 2020 मध्ये रायडर उघड कुरकुरले. नवा थर टाकायला लागणारा पैसा सर्किटकडे नव्हता आणि तो कोणी द्यायचा यावर एकमत झालं नाही. डिसेंबर 2020 मध्ये ब्रनो कॅलेंडरमधून बाहेर गेलं.

मुंबईकराला रस्त्यावरच्या डांबराचं राजकारण वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच की तिथे खड्डा पडण्याआधीच रेस थांबवली. ऑक्टोबर 2024 मध्ये नवा करार जाहीर झाला, 2025 ते 2029 असा पाच वर्षांचा, आणि ट्रॅकला नवा थर मिळाला. जुनी सर्किटं परत येतात तेव्हा सगळे आठवणींबद्दल बोलतात, पण त्यांना आत-बाहेर करतो तो डांबराचा खर्च. कोणतं जुनं सर्किट परत येईल यावर पैज लावायची असेल तर इतिहास बाजूला ठेवा आणि तिथल्या नगरपालिकेची तिजोरी बघा.

पाच वर्षांपूर्वीचे आकडे अजून उपयोगाचे आहेत का?

फारसे नाहीत, आणि गंमत त्यातच आहे. 2020 नंतर गाड्या ओळखू येणार नाहीत इतक्या बदलल्या. पंख वाढले, चालू गाडीत मागची उंची खाली घेणारी यंत्रणा सगळ्यांकडे आली, ब्रेक मारायची जागा पुढे सरकली. स्प्रिंट हा प्रकारच 2023 पासूनचा. वर डांबर नवं. म्हणजे इंजिनिअरांच्या लॅपटॉपवर ब्रनोची जी फाईल आहे ती वेगळ्या गाडीची, वेगळ्या रस्त्याची. मिशेलिनलाही टायर बऱ्यापैकी अंदाजाने निवडावे लागले असणार.

एरवी शुक्रवारी सकाळी सगळ्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं. इथे तसं नाही. म्हणूनच शुक्रवार बघा म्हणतोय.

मार्केझच जिंकणार ना? मग बघायचं कशाला?

शक्यता तीच. यंदा अकरापैकी सात रविवार त्याचे, शेवटचे चार तर सलग, स्पेनमधल्या आरागॉनपासून. नेदरलँड्समधल्या आसेनला तो मोठ्या गटातल्या विजयांत जाकोमो आगोस्तिनीच्या 68 ला जाऊन भिडला, साक्सेनरिंगला 69 करून पुढे गेला; आता वर फक्त रॉसीचे 89. धाकटा भाऊ अ‍ॅलेक्स दुसऱ्या क्रमांकावर, 83 गुणांनी मागे. ब्रनोला मार्क शेवटचा धावला 2019 मध्ये आणि जिंकला. 2020 मध्ये हात मोडल्याने तो नव्हताच.

तरी बघण्यासारखं बरंच आहे. पेको बान्याया मार्केझसारख्याच फॅक्टरी (कंपनीच्या स्वतःच्या संघाच्या) डुकाटीवर बसून वर्षभर पुढच्या चाकावर भरवसा शोधतोय, आणि ब्रनो हे पुढच्या चाकाचं सर्किट आहे. मार्को बेझेकीची एप्रिलिया सिल्व्हरस्टोनला जिंकली, तेव्हापासून ती गाडी चढत्या भाजणीत आहे. पेद्रो अकोस्टा केटीएमला गाडीच्या कुवतीपेक्षा जास्त पळवतो आणि मधूनमधून त्याची किंमत मोजतो.

आणि होर्हे मार्टिन येतोय. 2024 चा विश्वविजेता, गाडीवर नंबर 1, आणि हंगाम जवळपास सगळा रुग्णालयात. फेब्रुवारीत सेपांगच्या चाचणीत पडला, मग सरावात पडला, एप्रिलमध्ये कतारला परतला तर तिथे पडून मागच्या गाडीखाली आला, बरगड्या मोडल्या, फुफ्फुसाला इजा झाली. आता ब्रनोला पुनरागमन. त्याच्याकडून पहिल्याच आठवड्यात पोडियमची अपेक्षा ठेवणाऱ्यांनी स्वतःच्या बरगडीला एकदा टेबलाचा कोपरा लागू द्यावा.

मॅव्हरिक विन्यालेस आणि फ्रँको मोर्बिदेल्ली जर्मनीतल्या पडझडीत जखमी झाले, दोघंही ब्रनोला नाहीत. साक्सेनरिंगला फक्त दहा जणांनी रेस पूर्ण केली होती, यावरून हल्ली काय चाललंय ते लक्षात येईल.

पुढे असलेला रायडर मध्येच कोणाला तरी पुढे जाऊ देतो. फिक्सिंग आहे का?

दर रेसला कोणीतरी हे विचारतंच. नाही. पुढच्या टायरमधली हवा.

नियम असा की पुढच्या टायरचा दाब 1.8 बारच्या खाली जाता कामा नये, मुख्य रेसमध्ये किमान साठ टक्के फेऱ्या आणि स्प्रिंटमध्ये तीस टक्के. मोडलात तर रेसमध्ये सोळा सेकंदांचा दंड, स्प्रिंटमध्ये आठ. दुसऱ्याच्या मागे राहिलं की गरम हवा लागून टायर तापतो आणि दाब वाढतो. एकटं पुढे असलं की थंड वारा लागून उतरतो. त्यामुळे कोणाच्या मागे धावायचं या हिशेबाने निघालेला माणूस अचानक पहिला आला तर त्याची पंचाईत. यंदा थायलंडला मार्केझने पुढे असताना अ‍ॅलेक्सला जाऊ दिलं, बऱ्याच फेऱ्या त्याच्या मागे दाब राखत बसला आणि शेवटी पुन्हा पुढे जाऊन जिंकला. डॅशबोर्डवर इशारा येतो, त्यावरून रायडरला कळतं. ब्रनोलाही असं दिसलं तर हॉलमध्ये 'मॅच फिक्स' म्हणून आरडाओरडा करू नये. सेक्रेटरी काका मोटोजीपी बघत नाहीत, पण भिंतीपलीकडून सगळं ऐकतात.

महिंद्राचं आणि ब्रनोचं काय कनेक्शन? कोणीतरी ग्रुपवर टाकलं होतं.

टाकणाऱ्याने अर्धंच टाकलं होतं. पूर्ण गोष्ट जास्त मजेदार आहे.

आपल्या मुंबईची महिंद्रा 2011 ते 2017 ग्रांप्रीच्या छोट्या गटात होती, आधी 125 सीसी, मग मोटो3. गाड्यांचं काम युरोपात चालायचं, पण टाकीवर नाव महिंद्रा. पहिला विजय 2016 मध्ये आसेनला, रायडर पेको बान्याया. होय, तोच, आताचा डुकाटीवाला, दोनदाचा मोटोजीपी विश्वविजेता. त्याच वर्षी महिंद्राने आपलीच मोटो3 गाडी प्यूजो या नावानेही उतरवली होती, कारण प्यूजोच्या दुचाकी कंपनीत तिने 51 टक्के हिस्सा घेतला होता.

आता ऑगस्ट 2016, ब्रनो, पाऊस. ज्या दिवशी क्रचलो जिंकला त्याच सकाळची मोटो3. पहिला जॉन मॅकफी, गाडी प्यूजो, म्हणजे आतून महिंद्रा. आणि दुसरा? होर्हे मार्टिन, महिंद्रावर. त्याचा ग्रांप्रीतला पहिला पोडियम.

म्हणजे परवा नंबर 1 घेऊन मार्टिन ब्रनोच्या पिटमधून बाहेर पडेल तेव्हा ज्या ट्रॅकवर त्याला पहिला चषक मिळाला तिथेच तो परततोय, आणि तो चषक त्याला मुंबईच्या कंपनीच्या गाडीवर मिळाला होता. टीव्हीवरचे समालोचक हे सांगतीलच असं नाही. आपण सांगायचं, थोड्या मोठ्या आवाजात.

महिंद्राने 2017 नंतर हे सोडून विजेवरच्या मोटारींच्या फॉर्म्युला ईवरच लक्ष दिलं. धंद्याच्या दृष्टीने बरोबर असेल. आम्हाला वाईट वाटलं, अजून वाटतं.

केटीएम आता बजाजची झाली का?

2025 च्या जुलैत तरी त्या दिशेने चाललं होतं. बजाजने 2007 मध्ये साडेचौदा टक्क्यांपासून सुरुवात केली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये केटीएमची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, फेब्रुवारीत देणेकऱ्यांनी तीस टक्के घेऊन बाकी सोडायचं मान्य केलं आणि मे 2025 मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने 80 कोटी युरोंचं पॅकेज जाहीर केलं. ताबा पूर्ण व्हायला तेव्हा सरकारी मंजुऱ्या बाकी होत्या.

रेसची आरसी16 गाडी ऑस्ट्रियातच तयार होते, चाकणला नाही. पण तुमच्या बिल्डिंगखाली उभी असलेली 390 ड्यूक चाकणची आहे आणि तिच्या विक्रीतला पैसा या घराला गेली अनेक वर्षं जगवतोय. ड्यूकवाल्यांनी अकोस्टाला पाठिंबा द्यायला एवढं कारण पुरेसं आहे. बाइंडरला पण द्या. ब्रनो त्याचं आहे, जरी यंदा त्याचे दिवस वाईट चालले असले तरी.

जावावाल्यांनी यायचं का? आमचा रेसशी संबंध काय?

अवश्य यायचं. रेस तुमच्याच माहेरी आहे.

जावा मुळात चेक. 1929 मध्ये फ्रान्तिशेक यानेचेकने प्रागमध्ये सुरू केलेली. वांडरर कंपनीचं डिझाईन विकत घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा'. आपल्याकडे 1960 च्या दशकात म्हैसूरला बनायला लागली, पुढे तीच येझदी झाली, 1996 ला कारखाना बंद. मग नोव्हेंबर 2018 मध्ये पुन्हा बाजारात आली, आणि ते अनावरण मुंबईत झालं.

जुन्या जावाचं एक वैशिष्ट्य नव्या पोरांना दाखवाच. किक आणि गिअर एकाच दांड्याचे. दांडा आत दाबायचा, मागे वर फिरवायचा, किक मारायची, गाडी सुरू झाली की तोच दांडा पुढे पाडायचा आणि त्यानेच गिअर टाकायचे. शिवाय गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटायचा, हाताने धरला नाही तरी चालायचं. आजच्या मोटोजीपीत क्लच न धरता गिअर बदलतात याचं कौतुक करणाऱ्याला जावाच्या काकांनी नुसतं हसून बघावं. यंत्रणा वेगळ्या, पण हसायला हरकत नाही.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस झालाच आहे, गाड्या धुऊन पुसून तयार असतील. पाऊस नसेल तर हॉलच्या आवारात पाच-सहा गाड्या लावता येतील. धूर काढायचा नाही, ही सेक्रेटरी काकांची अट आहे.

ब्रनोला पूर्वी 29 किलोमीटरचा ट्रॅक होता हे खरं?

खरं. 1930 मध्ये पहिली शर्यत झाली ती साध्या रस्त्यांवर, गावांमधून, 29 किलोमीटरांहून लांब फेरीची. देशाचे पहिले अध्यक्ष मासारिक यांचं नाव दिलेलं. आजच्या सर्किटलाही तेच नाव आहे. मोनॅकोचा लुई शिरों 1931, 1932 आणि 1933 असा सलग तीनदा जिंकला. पुढे फेरी कापत कापत चौदा आणि मग अकरा किलोमीटरच्या आत आणली. मोटरसायकलची जागतिक अजिंक्यपद शर्यत त्या रस्त्यांवर 1965 ते 1982 झाली. घरं, झाडं, दगडी कुंपणं, कडेला दोन्हीकडे माणसं. आगोस्तिनी तिथेच जिंकायचा. मग असल्या रस्त्यांवर रेस नको असं ठरलं, आणि 1987 मध्ये आताचं बंदिस्त सर्किट त्या जुन्या रस्त्यांच्या वेढ्यातच उघडलं. म्हणजे ब्रनो गायब होऊन परत येण्याची ही पहिली वेळ नव्हे.

(मुंबईतही जुहूच्या विमानतळाच्या धावपट्टीवर एके काळी मोटारींच्या शर्यती व्हायच्या. आजोबांना विचारा, फोटो असतील तर हॉलला घेऊन या.)

फॉर्म्युला वन इथे झाली का?

अजिंक्यपदाची कधीच नाही.

स्प्रिंटचे गुण कसे?

दहा फेऱ्या, पहिल्या नऊ जणांना गुण, पहिल्याला 12. रविवारी पहिल्या पंधरांना, पहिल्याला 25. म्हणजे आठवड्याचे जास्तीत जास्त 37. स्प्रिंट आपण एकत्र बघत नाही, शनिवारी हॉलला साखरपुडा आहे.

तिकडे पाऊस पडला तर?

तर चैन. ब्रनो आणि पाऊस हे जुनं जमलेलं गणित आहे. रेस कोरडी सुरू होऊन पाऊस आला, किंवा उलट झालं, तर पांढरा झेंडा दाखवतात आणि रायडर पिटमध्ये येऊन दुसऱ्या, वेगळ्या टायरच्या गाडीवर उडी मारू शकतो. कधी यायचं ते त्याचं तो ठरवतो. 2017 ला इथे ओला ट्रॅक भराभर सुकत होता. मार्केझ दुसऱ्याच फेरीअखेर आत आला, कोरड्या टायरची गाडी घेतली. बाकीचे एखाद-दुसरी फेरी थांबले आणि तेवढ्यात रेस त्याच्या खिशात गेली. पेट्रोल भरायला वा टायर बदलायला एरवी मोटोजीपीत कोणी थांबत नाही, त्यामुळे हा प्रकार झाला तर नव्या मंडळींना शेजारच्याने समजावून सांगावं.

आणि इकडे पाऊस पडला तर?

इकडे पडणारच. हिंदमाताला पाणी भरलं असेल तर परळच्या बाजूने येऊ नका, पश्चिमेच्या पुलावरून उतरा. रविवारी मेगाब्लॉक असतो. साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार या काळात गाड्या उशिरा आणि भरून येतात. शनिवारी संध्याकाळी वेळापत्रक बघून ठेवा. ठाणे-डोंबिवलीकरांनी मोटो2 सुरू होताना घर सोडलं तर गाड्या सुरुवातीच्या रांगेत लागेपर्यंत पोहोचतील. बाईकवरून येणाऱ्यांनी रेनकोट हॉलबाहेरच्या दोरीवर टाकावेत. मागच्या वेळी सतरंजी दोन दिवस वाळत होती.

लाइट गेले तर इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालत नाही. लॅपटॉप आणि फोनचं हॉटस्पॉट तयार ठेवलंय, पडदा लहान होईल.

खाण्याचं काय?

श्रावण 25 जुलैला लागतोय, त्यामुळे हा गटारीचा रविवार आहे. अनेकांच्या घरी दुपारी मटणाचा बेत असणार आणि साडेपाचला डोळे मिटणार, हे आम्ही गृहीत धरलंय. म्हणून चहा कडक. सोबत कांदाभजी आणि वडे. हॉलमध्ये मांसाहार आणि मद्य दोन्ही चालत नाही, गटारी असली तरी. वर्गणी दारातच, सुट्टे आणलेत तर दुवा मिळेल.

प्रत्यक्ष जायचं असेल तर? पुढच्या वर्षीसाठी विचारतोय.

यंदा उशीर झालाच आहे. शेंगेन व्हिसा लागतो, शुल्क प्रौढांना 90 युरो, प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा, आणि अर्जाला पंधरा दिवस तर धराच. मुंबईत उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळण्यातच जीव जातो, त्यामुळे कॅलेंडर जाहीर झालं की लगेच कामाला लागा. करार 2029 पर्यंत आहे, घाईने कर्ज काढू नका.

विमान प्रागपेक्षा व्हिएन्नाचं बघा. देश वेगळा असला तरी व्हिएन्नाहून ब्रनो सव्वाशे-दीडशे किलोमीटर, ट्रेनने दीडेक तास. प्रागहून दोनशेच्या वर, अडीच तास. सर्किट शहराच्या पश्चिमेला जंगलात, डी1 महामार्गाजवळ. चलन कोरुना आहे, युरो नव्हे. शाकाहारी मंडळींनी 'स्माझेनी सीर' हे दोन शब्द पाठ करावेत: तळलेलं चीज, सोबत बटाटे. चार दिवस तेच खावं लागेल, पण उपाशी राहणार नाही.

भारतात परत कधी?

2023 च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर झाली, बेझेकी जिंकला. उकाड्यामुळे फेऱ्या 24 वरून 21 केल्या होत्या. रेस चालू असतानाच मार्टिनच्या सूटची चेन उघडी पडली तरी त्याने दुसरा क्रमांक राखला आणि खाली उतरल्यावर कोसळला. 2024 ला रेस झाली नाही, यंदाच्या कॅलेंडरवरही नाही. ब्रनोला डांबराने घरी बसवलं होतं, आपली अडचण वेगळी आहे: दरवर्षी पैसे भरणारा यजमान. तो सापडेपर्यंत हॉल बरा.

रेस संपल्यावर राइड आहे का?

नाही, आणि हे जरा स्पष्टच लिहितो. दरवर्षी रेस बघून अंगात आलेले दोन-चार जण पाम बीच रोडचं नाव काढतात. ओला रस्ता, अंधार, रंगवलेले पट्टे, मध्येच उघडलेला मॅनहोल. मार्केझच्या अंगात एअरबॅगचा सूट असतो आणि कडेला खडीचा पट्टा. तुमच्या कडेला दुभाजक. सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे आणि अटल सेतूवर दुचाकीला बंदीच आहे, तेव्हा तिकडचे बेतही नकोत. ज्यांना खरंच हात साफ करायचाय त्यांनी चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवरच्या रायडिंग स्कूलची चौकशी करावी. ग्रुपमधले काही जण जाऊन आलेत, खर्चाचा अंदाज देतील.

मुलांना आणलं तर चालेल?

चालेल. पुढच्या सतरंजीवर बसतील. मोटो2 मध्ये चेक रायडर फिलिप सालाच घरच्या प्रेक्षकांसमोर धावतोय, तेव्हा पावणेचारलाच आणलंत तर त्यांना टाळ्या वाजवायला एक नाव मिळेल. नंतर उन्हाळी सुट्टी आहे. पुढची रेस ऑस्ट्रियात, 15 ते 17 ऑगस्ट. त्या रविवारी आदल्या दिवशीच्या दहीहंडीमुळे निम्म्यांचे घसे आणि उरलेल्यांचे गुडघे गेलेले असतील, म्हणून हॉल घ्यायचा की घरी बघायचं ते ब्रनोच्या मोटो3 नंतर ठरवू.